उजवा कौल

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून बघूनाना दिवसभर लोकांना एकच प्रश्न विचारायचा. "हे बरं दिसतंय, की हे?" समोरच्याच्या नाकावर काचा बदलायची जड चौकट, नानाच्या मांडीवर काचांची पेटी, पलीकडच्या भिंतीवर लहान लहान होत जाणारी अक्षरं. एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची. पहिलं की दुसरं? आजीबाई असो, ट्रकवाला असो, नाहीतर डोळे मिचकावणारी शाळकरी पोरगी, नाना प्रत्येकाच्या तोंडून उत्तर काढायचा, तेही आवाज न चढवता. कुणी गोंधळलं तर म्हणायचा, "घाई नाही. उलटसुलट करून पुन्हा दाखवतो." त्याने काढलेला नंबर चुकला, अशी तक्रार घेऊन दुकानात कधी कुणी आलं नाही.

आणि हाच माणूस घरी गेल्यावर बहिणीने "चहा टाकू की कॉफी?" म्हटलं की छताकडे बघत बसायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! त्याचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, वडिलांनी हौसेने ठेवलेलं. पण ते आता पगाराच्या पाकिटावरच उरलं होतं. कुणी काहीही विचारलं की हा म्हणायचा, "बघू." म्हणून आधी मित्र त्याला बघू म्हणायला लागले, मग केस पिकल्यावर अख्खी गल्ली बघूनाना म्हणायला लागली. नानाला राग यायचा नाही. रागवावं की हसावं, हेही एकदा ठरवायला लागलं असतं.

दुकानातून घरी यायला दोन बस होत्या, एक पुलावरून, एक बाजारातून. नाना दोन्ही जाऊ द्यायचा आणि चालत यायचा. न्हाव्याने "बारीक की मध्यम?" विचारलं तर म्हणायचा, "तुम्हीच बघा." न्हावी गमत्या होता. त्याने एकदा डावीकडून बारीक आणि उजवीकडून मध्यम केले, आणि नाना आरशात बघून म्हणाला, "हं, बरं झालं." तरुणपणी त्याला एकाच वेळी दोन स्थळं सांगून आली होती. दोन्ही मुली चांगल्या, दोन्ही घरं चांगली. हा बघू बघू म्हणत राहिला, त्या दोघी आपापल्या वाटेने गेल्या. आता दोघींची मुलं त्याच्याकडूनच नंबर काढून घेतात आणि जाताना त्याला काका म्हणतात.

एवढं सगळं चालून गेलं असतं. माणसं यापेक्षा मोठे दोष घेऊन सुखाने जगतात. घोडं अडलं ते फ्रेमवालीपाशी.

फ्रेमवाली म्हणजे दुकानाच्या पुढच्या भागात फ्रेमा दाखवणारी बाई. नानाच्याच वयाची, लग्न राहून गेलेली, म्हाताऱ्या वडिलांना सांभाळणारी. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण नजर पक्की होती. गिऱ्हाईकाने फ्रेम घालून "कशी दिसते?" विचारलं की बाकीचे दुकानदार "वा, वा" करतात; ही म्हणायची, "घुबडासारखे दिसताय. काढा ती." आणि लोक मुकाट्याने काढायचे. दुपारी ती आणि नाना मागच्या खोलीत, त्या अक्षरांच्या पाटीखाली बसून डबे खायचे. ती आपली भाजी न विचारता नानाच्या डब्याच्या झाकणात वाढायची. विचारलं असतं तर भाजी आंबली असती.

असे ते कित्येक वर्षं जेवले. मग तिचे वडील वारले. पुढे एकदा दुपारी डबा बंद करता करता ती म्हणाली, "भाऊ बोलावतोय. त्याचंही चष्म्याचंच दुकान आहे, लांब, रात्रभराच्या गाडीने. म्हणतो, तू ये आणि काउंटर सांभाळ. इथे आता माझं कुणी नाही, असं तो म्हणतो." मग तिने नानाकडे सरळ बघितलं. "मी थांबू की जाऊ? तुम्ही सांगा."

आता हा प्रश्न काय आहे हे भिंतीवरच्या अक्षरांनाही कळलं असतं. नानालाही कळलं. थांब म्हणावं, तर तिने भावाचं घर, हक्काची जागा सोडायची, ती कशाच्या जोरावर? बहिणीच्या माडीवरच्या एका खोलीच्या जोरावर? जा म्हणावं, तर जीभ रेटेना. इकडे आड, तिकडे विहीर. नाना आडाकडे बघे, विहिरीकडे बघे, आणि शेवटी तोंडातून तेच बाहेर पडलं.

"बघू."

फ्रेमवालीने डब्याची कडी लावली. "बघा," ती म्हणाली. "महिनाअखेरीला जाणार आहे. तोवर बघून होत असेल तर बघा."

तिने हे ताईलाही सांगितलं, कारण ती काही लपवणारी नव्हती. ताई म्हणजे नानाची मोठी बहीण. नाना तिच्याच घरी माडीवर राहायचा. ताईने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, ती तुला विचारायचं ते विचारून चुकली, आणि तू बघू म्हणालास? बघू? बाजारात वांगी घेतोयस का?" ती रात्री जेवली नाही. तिला फ्रेमवाली मनापासून आवडायची, आणि आपल्या मागे या भावाचं कसं होणार, ही काळजी तिला आईने जाताना हातात ठेवल्यासारखी होती.

पुढच्या आठवड्यात ताई गुडघा दाखवायला मोठ्या दवाखान्यात गेली आणि तिथल्या फळ्यावर तिला एक कागद दिसला. 'निर्णय घेणं अवघड जातं? मेंदूच्या अभ्यासासाठी माणसं हवी आहेत. सुई नाही, गोळी नाही, चिरफाड नाही. बाहेरूनच.' खाली विभागाचा मजला दिला होता. ताईने इकडे तिकडे बघितलं, टाचण्या उपटल्या आणि अख्खा कागद पर्समध्ये घातला. त्यामुळे झालं असं, की त्या अभ्यासासाठी शहरातून एकटा नानाच आला.

त्या विभागाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि माणसं मिळत नाहीत म्हणून हवालदिल झाल्या होत्या. त्यांनी नानाला आधी एक कागद भरायला दिला. पहिलाच प्रश्न होता: तुम्हाला निर्णय घेणं अवघड जातं का? हो किंवा नाही. नानाने पेन उचललं. डॉक्टरीणबाई चहा पिऊन आल्या, एक फोन करून आल्या, तरी नाना पेन उचलूनच बसलेला. "कधी कधी जातं," तो म्हणाला, "पण कधी कधी म्हणावं तर..." डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातातून कागद काढून घेतला. त्यांचे डोळे आनंदाने चमकत होते. "तुम्ही उद्यापासूनच या," त्या म्हणाल्या.

मशीन सांभाळायला एक पोक्त गृहस्थ होते, मशीनवाले काका. त्यांनी नानाला दाताच्या डॉक्टरकडे असते तशा खुर्चीत बसवलं. धातूचं काही अंगावर नको, म्हणून घड्याळ, किल्ल्या आणि तारेचा चष्मा ट्रेमध्ये काढून ठेवायला लावला. कानात बोळे दिले. मग आठच्या आकड्यासारखं एक जाडजूड कडं डोक्याला टेकवून बटण दाबलं. टक. आणि नानाचा अंगठा आपोआप उडाला. नाना अंगठ्याकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शरीराचा एखादा भाग त्याला न विचारता काही करून मोकळा झाला होता.

"हे मशीन काय करतं?" दारात उभ्या असलेल्या ताईने विचारलं.

"चुंबकाने मेंदूच्या एका जागेला हलका धक्का देतो आम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडद्यावर ठिपका येतो, तो डाव्या हाताने शिवायचा की उजव्या, एवढंच बघतो. ज्याचा काटा आधीच कुठेतरी झुकलेला असतो त्याला काही फरक पडत नाही. पण ज्याचा काटा अगदी मधोमध असतो, त्याला फुंकरही पुरते. परिणाम तासाभरात जातो. आणि हा उपचार नाही हं, हा अभ्यास आहे."

ताईने यातलं "फुंकर पुरते" एवढंच ऐकलं. बाकीचं वाऱ्यावर गेलं.

डोक्यावर बराच वेळ टकटक झाल्यावर नाना बाहेर आला. व्हरांड्यात चहा-कॉफीचं यंत्र होतं. नाना त्याच्यापुढे उभा राहिला, ताईने नेहमीच्या सवयीने बसायला बाकडं शोधलं, आणि तेवढ्यात नानाने हात उचलून कॉफीचं बटण दाबलंसुद्धा. ताई मटकन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बटण उजवीकडचं होतं, हे त्या वेळी तिच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या खेपेला ताई हॉलच्या पडद्यासाठी दोन कापडं घेऊन आली. ते पडद्यांचं भिजत घोंगडं घरात किती दिवस पडून होतं, कारण नानाचं मत घेतल्याशिवाय ताई काही करत नसे आणि नानाचं मत कधी येत नसे. मशीन आटोपल्यावर ताईने एका हातात निळं, एका हातात पिवळं धरलं. "निळं," नाना म्हणाला. ताई आनंदाने घडी घालायला लागली, तेवढ्यात नानातला नंबर काढणारा जागा झाला. "जरा उलटसुलट करून पुन्हा दाखव." ताईने हात बदलले. "पिवळं," नाना तितक्याच ठामपणे म्हणाला.

ताई चक्रावली. पण बरोबर आलेले भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चक्रावले नाहीत. त्यांनी आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासली होती. कोण खिडकीबाहेर उगाच बघतंय हे त्यांना मागच्या दारातून कळायचं. त्यांनी मनाशी हिशेब केला, दोन्ही वेळा उजवीकडचं. पुढच्या खेपेला ते मुद्दाम नानाच्या उजव्या अंगाला उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "माडीवरची खोली. तुम्ही डावीकडे धरा, माझी कबुतरं उजवीकडे. खोली कुणाची?"

"कबुतरांची," नाना म्हणाला.

त्या रात्रीपासून नाना हॉलमध्ये झोपायला लागला, न टांगलेल्या पडद्यांखाली. निर्णय त्याचाच होता, त्यामुळे त्याला तक्रार करता येईना. अर्थात मशीन नसतं तरीही त्याने ती केली नसती.

भाऊजींना एवढं यश पचलं नाही. त्यांनी कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगितलं, की आमच्या मेव्हण्याचं डोकं सरकारी चुंबकाखालून निघालंय, आता तो तासभर फटाफट निकाल देतो. उजवीकडे उभं राहायचं, हे गुपित त्यांनी फक्त चहावाल्यालाच सांगितलं, म्हणजे सगळ्यांनाच. पुढच्या खेपेला व्हरांड्यात ही गर्दी! एक जोडपं मुलाला कुठल्या शाळेत घालायचं म्हणून आलेलं. एक जण दोन छत्र्या घेऊन. सामाईक भिंतीवरून भांडणारे दोन भाऊ आले, आणि दोघांनाही नानाच्या उजवीकडेच उभं राहायचं होतं. एक उजवीकडे गेला की दुसरा त्याच्याही उजवीकडे जायचा. असे ते नानाभोवती गोल गोल फिरायला लागले आणि मध्ये उभ्या नानाला भोवळ आली. मशीनवाल्या काकांनी त्याचं बाकडं भिंतीला असं लावलं, की उजवीकडे नुसती भिंत राहिली. मग एक म्हातारी विचारायला आली, की भिंतीचं काय म्हणणं आहे.

तुम्ही म्हणाल, लोक इतके खुळे असतात का? असतात. शिवाय त्यांचंही एक तर्कशास्त्र होतं. माणसाने निकाल दिला की हरलेला म्हणतो, हा त्या बाजूचा. मशीनने दिला की कुणाला शिव्या घालणार? भिंतवाले भाऊ दहा वर्षं बोलत नव्हते, ते आता निदान मशीनविरुद्ध एकत्र बोलत होते. डॉक्टरीणबाईंनी आधी सगळ्यांना हाकललं, मग स्वतःच एक खुर्ची व्हरांड्यात आणून ठेवली. "प्रयोगशाळेबाहेरचं वर्तन," त्या मशीनवाल्या काकांना म्हणाल्या, "याच्यावर कुणी लिहिलेलं नाही."

दुकानात मात्र नाना पूर्वीसारखाच होता. परिणाम तासाभरात उतरायचा आणि दुकान त्याहून लांब होतं. फ्रेमवाली भाजी वाढायची, नाना खायचा, दोघंही अक्षरांकडे बघायचे. तिने पुन्हा विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाली, "कबुतरांना खोली दिलीत म्हणे." नाना म्हणाला, "हो." ती म्हणाली, "नशीबवान आहेत." त्यानंतर नानाने डबा अर्धाच ठेवला, आणि तो का ठेवला, हेही त्याला तिला सांगवेना.

शेवटची खेप नेमकी ती जाणार त्याच दिवशी आली. ताईने बेत पक्का केला होता. स्टेशनावर जाता जाता दवाखान्यात पाच मिनिटं ये, असं तिने फ्रेमवालीला गळ घालून सांगितलं. व्हरांड्यात दोन खुर्च्या मांडल्या. उजवीकडच्या खुर्चीवर फ्रेमवाली बसणार, डावीकडची रिकामी. नाना बाहेर येणार, ताई विचारणार, कुणाचा हात धरतोस? संपलं. सुंठीवाचून खोकला गेला. भाऊजींना वाईट एवढंच वाटत होतं, की लग्न झालं तर खोली परत मागतील.

फ्रेमवाली आली ती बॅग घेऊनच. तपकिरी, कोपरे झिजलेली, चांगली जड बॅग. ताईने लगबगीने तिला उजवीकडच्या खुर्चीकडे नेलं. "इथेच बस हं. डावीकडे नको."

"का?"

ताई गडबडली. भाऊजींनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडात तीळ भिजत नव्हता हे आपल्याला माहीतच आहे. सगळं सांगून टाकलं.

फ्रेमवालीने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्हणजे मी पडद्याचं कापड. योग्य हाताला धरलं की झालं."

"अगं, तसं नव्हे..."

"तसंच आहे, ताई. तुमचा जीव तुटतो, मला दिसतं. पण मला असा होकार नको. उद्या सकाळी उठून हा माणूस माझ्याकडे बघेल आणि विचार करेल, की मी ही निवडली की त्या बाजूला होती म्हणून मिळाली? त्यापेक्षा एकटी बरी." एवढं बोलून तिने बॅग उचलली, उजवीकडच्या खुर्चीवर ठेवली, आणि स्वतः डावीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली. "आता विचारा त्यांना. थांबू तर मी, जाऊ तर बॅग."

ताई रडायला लागली. गर्दीतले दोघे-तिघे हळहळले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्याला प्रयोग म्हणत नाहीत," पण आपली खुर्ची त्यांनी जरा पुढे ओढली.

दार उघडलं आणि नाना बाहेर आला, कानातले बोळे काढत, चष्म्याविना डोळे बारीक करत. त्याला समोर दोन पुसट डाग दिसत होते.

"आधी चष्मा घाला त्यांना," फ्रेमवाली म्हणाली. "नंतर म्हणायला नको, दिसलं नाही."

मशीनवाल्या काकांनी ट्रे पुढे केला. नानाने चष्मा घातला. त्याला उजवीकडे बॅग दिसली आणि डावीकडे ती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं वाट बघणं होतं. ताईला बोलवेना, म्हणून भाऊजींनीच तिकीट मागावं तशा आवाजात विचारलं, "बोला नाना. थांबू की जाऊ?"

नानाचा उजवा हात पुढे गेला आणि त्याने बॅग उचलली.

मग ताई ओरडली, "अरे मेल्या, ती तिकडे आहे! डावीकडे!" डॉक्टरीणबाईंनी खाली मान घातली. त्यांना जे अपेक्षित होतं तेच झालं होतं, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नव्हतं.

फ्रेमवाली उठली. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "ठीक आहे," ती म्हणाली. "कळलं." आणि बॅग घ्यायला तिने हात पुढे केला.

नानाने बॅग सोडली नाही.

"द्या."

"जड आहे," नाना म्हणाला.

"माझीच आहे. मला उचलता येते."

नाना बॅग धरून उभाच. एखादं गिऱ्हाईक सगळ्यात खालच्या ओळीतलं अक्षर वाचायला बघतं, तसा तो तिच्याकडे बघत होता. "तिकडे तुमच्या भावाच्या दुकानात," तो म्हणाला, "नंबर कोण काढतं?"

"भाऊच काढतो," फ्रेमवाली म्हणाली. "चुकीचे काढतो. लोक भांडायला येतात."

"मग मी येतो."

आता हे कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं. थांबू की जाऊ, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. तिच्याबरोबर हाही जाऊ शकतो, हे ताईला सुचलं नव्हतं, भाऊजींना सुचलं नव्हतं, खुद्द तिला विचारतानाही सुचलं नव्हतं. नाना भरभर बोलायला लागला, कधी नव्हे तो. "मला दोन्ही सारखंच दिसत होतं हो. थांबा म्हणालो तरी धूसर, जा म्हणालो तरी धूसर. मी आपला त्याच दोन काचा उलटसुलट करत बसलो. पेटीत आणखी काचा असतात, तिकडे हातच गेला नाही माझा. दिवसभर दुसऱ्यांना घालतो, आणि स्वतःला..." एवढं बोलून त्याचा श्वास संपला.

फ्रेमवाली एवढ्यावर हुरळणारी बाई नव्हती. ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "हे कोण बोलतंय? हे, की तुमचं मशीन?"

"मला सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "पण तासाभरात परिणाम जाईल."

"मग मी तासभर बसते. गाडीला वेळ आहे."

आणि ती बसली. नानाही बसला, बॅग मांडीवर घेऊन, उजव्या हाताची मूठ कडीवर. कुणी त्याला खाली ठेव म्हणालं नाही आणि त्यालाही ठेवावीशी वाटली नाही. छत्रीवाला कंटाळून घरी गेला. भिंतवाले भाऊ थांबले. भाऊजींनी सगळ्यांना कॉफी आणून दिली आणि आपण काही बोलायचं नाही असं ठरवलं, जे त्यांना फार जड गेलं.

नाना घाबरला होता. मशीन उतरायला लागलं की काय होतं, ते त्याला माहीत होतं. काटा हळूहळू मध्यावर यायचा. तसा तो आता यायला लागला. तिकडे पाणी कसं असेल? मालकाला न सांगता कसं जायचं? भावाला आपण नको असलो तर? ताईचा गुडघा? प्रत्येक शंका येई आणि शेजारी बसे, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. पूर्वी एवढ्या शंका जमल्या की तो त्यांना एकच शब्द सांगून मोकळा व्हायचा. आता तो शब्द ओठांपर्यंत येत होता. फ्रेमवाली समोरच्या भिंतीकडे बघत होती. ती मदत करणार नव्हती, आणि तिने करू नये हेही नानाला पटत होतं.

शेवटी डॉक्टरीणबाई ठिपक्यांचा तो पडदा घेऊन आल्या. "ठिपका दिसला की शिवा. कुठल्याही हाताने."

ठिपका आला. नानाने डावा हात उचलला आणि शिवला. पुन्हा आला, पुन्हा डावा. "गेलं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आता तुम्ही तुमचेच आहात." हे कशात मोजतात, ते त्यांना माहीत नव्हतं.

"उजव्या हातात बॅग आहे म्हणून डावा उचलला असेल," भाऊजी न राहवून म्हणाले. ताईने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी कॉफीचा रिकामा पेला तोंडाला लावला.

फ्रेमवाली उठून उभी राहिली. तिने काही विचारलं नाही. नानाचा उजवा हात बधिर झाला होता, बोटं उघडत नव्हती. त्याने डाव्या हाताने ती एकेक करून सोडवली, बॅग डाव्या हातात घेतली आणि उठला.

ताई धावत आली. हवं होतं तेच झालं होतं, आणि तिचा भाऊ चालला होता. तिला हसावं की रडावं कळेना. "अरे पण असाच जातोस? अंगावरच्या कपड्यांनिशी? निदान चार सदरे तरी घे. पांढरे देऊ, की तो चौकडीचा? थंडीचं काही? काय काय पाठवू तुला?"

नाना थांबला. त्याने खरोखर विचार केला, आणि तो करता करता सवयीने छताकडे बघितलं. फ्रेमवाली जिन्याच्या तोंडाशी उभी होती.

"ते तू बघ, ताई," तो म्हणाला, आणि जिना उतरायला लागला.